आई-बाबा, एकदा माझ्याबरोबर या रस्त्यांनी चला

प्रिय आई-बाबा,
सा. न.

फोनवर सायकलचं नाव काढलं की आईचा पहिला प्रश्न "एकटीच गेलेलीस का" आणि दुसरा "रस्त्याला ट्रॅक्टर होते का", मग गुडघ्याचा विषय निघतो, मग दादाचा फोन येतो, आणि मी कुठे गेले काय बघितलं ते सगळं राहूनच जातं. म्हणून यावेळी लिहूनच पाठवतेय. बाबांचा नवीन चष्मा आला नसेल तर दादाला मोठ्याने वाचायला सांगा.

आधी आईचं समाधान करते. कारखाने सुरू झालेत, उसाच्या ट्रॉल्या रस्त्याला आहेत आणि त्यातल्या कित्येकांना मागे लाइट नसतो हे खरंय, म्हणूनच मी अंधारात निघतच नाही, नीट उजाडल्यावर निघते. हेल्मेट असतं, चमकणारं जॅकेट असतं, मागचा लाल लाइट दिवसापण चालूच ठेवते. बहुतेक वेळा आम्ही तिघीचौघी असतो, आणि एकटी असले तर लाइव्ह लोकेशन दादाकडे असतं, त्याला विचार. आणि हायवेवरून मला जायचंच नसतं गं, मजा सगळी आतल्या रस्त्यांना आहे.

बाबा, हे खास तुमच्यासाठी. तुम्ही पाटबंधारे खात्यात असताना कॅनॉलच्या कडेने जो रस्ता मोटारसायकलवर रोज तुडवायचात ना, तो सायकलला एक नंबर रस्ता आहे. लहानपणी तुम्ही सांगायचात की पाट डोंगराच्या कडेकडेने एकाच उंचीवर फिरवत नेतात, पाणी आपोआप वाहावं एवढाच उतार ठेवतात. ते मला आता पायांनी कळलं. गावाचा रस्ता टेकडीवर चढतो, उतरतो, परत चढतो आणि पाटाचा रस्ता त्याच टेकडीला वळसा घालून जवळपास सपाट जातो, लांब पडतो पण दम लागत नाही. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला ऊस नाहीतर हळद, मध्येच कुणीतरी दारं धरत असतं. बाभळीचे काटे मात्र फार, म्हणून टायर जाड घेतलेत आणि आत सीलंट भरलंय, काटा घुसला तरी भोक आतून आपोआप बुजतं.

आणि मग लक्षात आलं की मी जिथे जिथे जाते तिथे शेवटी पाणीच असतं. तळं, घाट, धरण, विहीर. आणि त्या पाण्याच्या काठाला कुणीतरी दोनशे तीनशे वर्षांपूर्वी काहीतरी बांधून ठेवलेलं असतं.

लिंबची बारा मोटांची विहीर घ्या. साताऱ्यापासून सोळाएक किलोमीटर, आणि आपण आयुष्यभर पुण्याला जाताना लिंब फाट्यावरून पुढे निघून गेलो, एकदाही आत वळलो नाही. साताऱ्याच्या शाहू महाराजांच्या काळात १७१९ ते १७२४ मध्ये वीरूबाई भोसले यांनी ती बांधून घेतली. अष्टकोनी विहीर, खोली ११० फूट, व्यास ५० फूट, वरून बघितली तर शिवलिंगाचा आकार. पायऱ्या उतरून दगडी दरवाजातून आत गेलं की एकदम गार होतं, बाहेर कितीही ऊन असू दे. आत विहिरीवरच छोटा महाल आहे, खांबांना कोरीवकाम, दरवाजाकडे शरभ (पुराणातला सिंहासारखा प्राणी) कोरलेत. आणि बाबा, वरती मोटांच्या, म्हणजे बैलांनी ओढायच्या चामडी पखालींच्या, जागा अजून जशाच्या तशा आहेत. तिथे उभं राहून मी डोळ्यासमोर आणायचा प्रयत्न केला, बैल धावेच्या उतारावरून खाली उतरतायत, नाड्याचा जाड दोर ताणलाय, मोट वर येऊन थारोळ्यात पाणी ओततेय, आणि हे एका वेळी बारा मोटांचं चाललंय! केवढा आवाज होत असेल! हे पाणी आमराईला जायचं. तुम्ही आबांच्या विहिरीवर मोट हाकलेली, धाव केवढी लांब लागते, नाडा आणि सोंदूर हे दोन्ही दोर एकदम कसे सोडायचे, हे तुम्हाला ठाऊक. माझ्याबरोबरच्या पोरींना मी सांगत होते पण अर्धवटच. तिथे तुम्ही पाहिजे होतात.

माहुलीला जाऊन येणं म्हणजे सकाळचा फेरफटका, कृष्णा-वेण्णेचा संगम, त्यामुळे बऱ्याचदा जाते. ती देवळं आईला माहितीच आहेत, पण नदीकाठी शाहू महाराजांची, येसूबाईंची, ताराराणींची समाधी आहे तिकडे आपण कधी उतरलो नव्हतो. शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याचीसुद्धा समाधी आहे तिथे, त्याने महाराजांना वाघापासून वाचवलं असं सांगतात. सातारा ही ज्यांनी राजधानी केली त्या माणसांच्या समाध्या पुरात गाळाखाली जातात, मग गावातली आणि शहरातली पोरं जमून त्या साफ करतात. अशी पोरं बघितली की बरं वाटतं, पण हे दरवेळी पोरांवरच सोडायचं हे मला पटत नाही.

वाईकडचा रस्ता माझा सगळ्यात आवडता. ढोल्या गणपतीला नमस्कार (१७६२ चं देऊळ ते, सरदार रास्ते यांनी बांधलेलं), मग तीन किलोमीटरवर मेणवली. नाना फडणवीसांचा वाडा आणि मागे कृष्णेचा घाट. घाटावरच्या छोट्या देवळात एक मोठी घंटा टांगलेली आहे, आपल्या घंटेसारखी नाहीच, चर्चची आहे ती, चिमाजीअप्पांनी १७३९ ला वसई जिंकली तेव्हा पोर्तुगीजांकडून आलेली. आई, तू म्हणतेस जुन्या भिंती बघायला एवढं लांब कशाला जायचं. पण त्या घाटावर बायका धुणं धूत होत्या, एक आजी नातवाला पोहायला शिकवत होत्या, मी पायरीवर बसून भाकरी आणि ठेचा खाल्ला, त्या आजींनी विचारलं "कुणाची गं तू", मी तुझं माहेर सांगितलं तर पाहुण्यातली कुणीतरी निघाली! वाडा बघायला गेले आणि पाव्हणी भेटली, त्याला काय म्हणायचं.

पुढे धोम. नरसिंहाचं आणि महादेवाचं देऊळ, तिथे कमळासारखं दगडी कुंड आहे, त्यात कासव आणि कासवाच्या पाठीवर नंदी. कुंडात पाणी भरलं की कासव नंदीला घेऊन पोहतंय असंच दिसतं, बांधणाऱ्याने पाण्याचा विचार आधी करून मग छिन्नी उचलली असणार. आणि तिथून जरा वर गेलं की धरणाचा जलाशय, लांब डोंगरात शिरलेला. काठाचा रस्ता वळणावळणाचा आहे, मध्ये मध्ये खराब, खडी वर आलीय, पण गाड्या कमी. त्या पाण्याखाली ज्यांची शेतं गेली त्यांची घरं वर काठाला आहेत, एका काकांनी पाण्याकडे बोट करून "तिथं आमची विहीर" असं सांगितलं. बाबा, तुम्ही धरणाबद्दल नेहमी खालच्या बाजूने बोलायचात, म्हणजे किती एकर भिजलं वगैरे. तेही खरंच आहे, आपलं घर त्यावरच चाललं, पण त्या काकांचं ऐकून मी बराच वेळ काही बोलले नाही. भेटल्यावर तुमच्याशी यावर बोलायचंय.

कास थोडक्यात सांगते, कारण सगळ्यांना माहितीय. यवतेश्वरचा घाट चढायचा म्हणजे गियर हलका टाकून, बोलता येईल एवढ्याच दमाने चढत राहायचं, घाई केली की संपलं. पण फुलांच्या सीझनला रविवारी अजिबात जाऊ नये, गाड्यांच्या धुरात घाट चढण्यात काही अर्थ नाही. थंडीत जावं, पठार सुकलेलं असतं, पण कास तलावाला कुणी नसतं. आपल्या नळाला ज्या तलावाचं पाणी येतं तो बघायला सायकलवर गेले याचं मला स्वतःला फार बरं वाटलं.

आता आई, तुझ्यासाठी. पुढच्या महिन्यात मी औंधवरून तुझ्या माहेरी जाणार आहे, सायकलवर, मामाला सांगून ठेवलंय. कोरेगाव, वर्धनगडाच्या पायथ्याने पुसेगाव, मग औंधला मुक्काम. यमाईचं दर्शन आणि टेकडीवरचं म्युझियम, औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभं केलेलं, त्यात राजा रविवर्म्याची चित्रं आहेत. दुसऱ्या दिवशी पुसेसावळी, कडेगाव, देवराष्ट्रे, सागरेश्वरची जुनी देवळं आणि खाली किर्लोस्करवाडी. बाबा, ताकारी आणि टेंभू दोन्ही उपसा सिंचन योजनांचे कालवे वाटेत लागतील, नदीचं पाणी डोंगरावर कसं चढवलंय ते बघून फोटो पाठवीन. आणि आई, तू ज्या कारखान्याच्या भोंग्यावर शाळेला निघायचीस तो ज्यांनी १९१० मध्ये पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळावर आणला त्या लक्ष्मणराव किर्लोस्करांचा धंदा १८८८ मध्ये बेळगावात सायकलच्या दुकानाने सुरू झाला होता. तुझं सगळं माहेर सायकलवर उभं आहे बघ.

मला काय पाहिजे ते सांगते. डॉक्टर म्हणालेत जानेवारीत तुझा गुडघा मोकळा होईल. तेव्हा दादाच्या गाडीने या, मी सायकलवर येते, आपण लिंबला भेटू. विहिरीच्या पायऱ्या तुला उतरायला लागणार नाहीत, वरूनसुद्धा सगळं दिसतं, मोटेच्या जागा तर वरच आहेत. बाबा खाली उतरतील. मग मेणवली, तिथे घाटाच्या वरच्या पायरीवर बसलीस तरी चालेल, ती आजी भेटली तर तुम्ही दोघी बसा बोलत. धोमला गाडी देवळापर्यंत जाते. जेवण मी आणते, फक्त शेंगदाण्याची चटणी तू तिकडून करून आण, इथल्या दुकानातली मला चालत नाही.

कोरेगावचा घेवडा आणलाय, दादाबरोबर पाठवू का तुम्ही आल्यावर नेणार ते कळवा. आणि बाबा, तुमच्या जुन्या डायऱ्यांत कॅनॉलचे नकाशे होते ना, कपाटात वरच्या खणात शोधले, सापडले नाहीत. कुठे ठेवलेत ते फोनवर सांगा, औंधला निघायच्या आधी पाहिजेत.

तुमची,
सोनू