नॉर्मंडीचे म्हणून विकलेले हेल्मेट : चुकीच्या प्रमाणपत्राबद्दल तक्रार आणि पूर्ण परताव्याची मागणी

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

महोदय,

तुमच्याकडून घेतलेले एम-१ हेल्मेट (दुसऱ्या महायुद्धातले अमेरिकन सैनिकांचे पोलादी हेल्मेट) मला परत करायचे आहे आणि त्याची पूर्ण रक्कम मला हवी आहे. खरेदीआधीचे सगळे बोलणे तुमच्या मालकांशी मराठीत झाले. "काळजी करू नका ताई, माल शंभर टक्के अस्सल आहे," हे आश्वासनही मराठीतच मिळाले. म्हणून तक्रारही मराठीत लिहिते आहे.

हेल्मेटसोबतच्या प्रमाणपत्रात तुम्ही तीन गोष्टी ठामपणे लिहिल्या आहेत. हेल्मेट १९४२ सालचे आहे, समोरचे चिन्ह अमेरिकेच्या २९व्या इन्फंट्री (पायदळ) डिव्हिजनचे आहे आणि हेल्मेट ६ जून १९४४ रोजी फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलेल्या सैनिकाचे आहे. किंमत लावली ती याच तीन गोष्टींची. साध्या एम-१ ला कोणी एवढे पैसे देत नाही. युद्ध संपेपर्यंत अशी २ कोटींहून जास्त हेल्मेट तयार झाली होती, त्यामुळे नुसते जुने असणे ही काही दुर्मीळ गोष्ट नव्हे.

आता प्रत्यक्ष हेल्मेट पाहा. कडेला जी धातूची पट्टी बसवलेली असते, तिचा जोड या हेल्मेटवर मागच्या बाजूला आहे. डेट्रॉइटच्या मॅकॉर्ड आणि सेंट लुइसच्या श्लूटर या दोन्ही कारखान्यांत हा जोड १९४४ च्या शरद ऋतूपर्यंत पुढे, कपाळाच्या मध्यावर असायचा. तो मागे गेला त्यानंतर. म्हणजे हे हेल्मेट नॉर्मंडीच्या लढाईआधी तयारच झालेले नव्हते. हे कळायला भिंग लागत नाही की प्रयोगशाळा लागत नाही, हेल्मेट उलटे करून बोट फिरवले की कळते. साधारण त्याच सुमारास पट्टीचा धातूही बदलला. आधीची स्टेनलेस स्टीलची होती, तिच्यावर रंग टिकत नसे आणि कड उघडी पडून चमकत असे, म्हणून मँगनीज स्टील वापरायला लागले. स्टेनलेसवर असा गंज चढत नाही. माझ्या हेल्मेटची कड चांगली तांबूस गंजलेली आहे. तुमच्या प्रमाणपत्रात मात्र 'स्टेनलेस कड' असे छापले आहे.

हनुवटीचा पट्टा अडकवायच्या कड्या हलणाऱ्या आहेत, यावर माझा आक्षेप नाही. सुरुवातीच्या घट्ट वेल्ड केलेल्या कड्या आदळआपटीत तुटत, म्हणून १९४३ च्या अखेरीस हलत्या कड्या आल्या आणि तशी हेल्मेट घातलेले सैनिक नॉर्मंडीत होतेच. पण १९४२ च्या हेल्मेटला त्या कशा असतील? शिवाय पट्टा त्या कड्यांना धातूच्या चिमट्यांनी अडकवला आहे. युद्धकाळात तो शिवलेला असे. चिमटे नंतरचे.

सगळ्यात जास्त त्रास झाला तो चिन्हाचा. युद्धातल्या हेल्मेटवरची खरखर कॉर्कच्या चुऱ्याची असे. इथे वाळूचा खरखरीत थर आहे, जो युद्धानंतर सैन्यात पुन्हा रंगवताना देत, आणि २९व्या डिव्हिजनचे निळे-करडे चिन्ह त्या थराच्या वर रंगवलेले आहे. याचा अर्थ एकच होतो, ते चिन्ह युद्ध संपल्यावर कोणीतरी काढले. ते तुम्ही काढले असे मी म्हणत नाही. पण त्याच चिन्हाच्या नावाने तुम्ही पैसे घेतलेत.

कवचाच्या, म्हणजे बाहेरच्या पोलादी भागाच्या, आत पुढच्या बाजूला ठोकलेला आकडा आणि अक्षर, म्हणजे पोलादाची खेप सांगणारा हीट स्टॅम्प, प्रमाणपत्रात नोंदवलेलाच नाही. ओळख पटवणारा माणूस आधी तिथे टॉर्च मारतो. आतला वेस्टिंगहाऊस कंपनीचा लायनर (कवचाखाली घालायची हलकी टोपी) खरोखर युद्धकाळातला आहे, हे मी मान्य करते. पण लायनर आणि कवच वेगवेगळे असतात, सैन्यातही त्यांची अदलाबदल होत असे. लायनरच्या वयावरून कवचाचे वय ठरत नाही.

फोनवर तुमच्या प्रतिनिधीने सांगितले, "दुरुस्तीत कड बदलली असेल." कड, कड्या, पट्टा आणि रंग हे सगळेच नंतर बदलले असेल, तर मग नॉर्मंडीचे म्हणून उरले काय? आणि तसे असेल तर प्रमाणपत्रात ते लिहायला हवे होते.

हे हेल्मेट आमच्या न्यू जर्सीतल्या वाचनालयाच्या प्रदर्शनात ठेवायचे होते. २९वी डिव्हिजन मुख्यतः मेरीलँड आणि व्हर्जिनिया या राज्यांच्या नॅशनल गार्डमधली, म्हणजे राखीव दलातली. व्हर्जिनियातल्या बेडफर्डसारख्या छोट्या गावाने नॉर्मंडीतल्या ओमाहा किनाऱ्यावर आपली मुले गमावली. त्या माणसांच्या नातेवाइकांपुढे मी खोटी चिठ्ठी लावलेले हेल्मेट ठेवणार नाही. या वस्तूचा स्वतःचा इतिहास काही कमी नाही. एम-१ ची कवचे पुन्हा रंगवून, नवे पट्टे लावून कोरिया आणि व्हिएतनामपर्यंत वापरली गेली. तसे सांगून, त्या किमतीला विकले असते तर मी आनंदाने घेतले असते.

माझ्या मागण्या अशा. हेल्मेटची पूर्ण किंमत, विमा आणि जाण्या-येण्याचा पाठवणी खर्च परत करावा. प्रमाणपत्र लेखी रद्द करावे. हे हेल्मेट पुन्हा नॉर्मंडीच्या नावाने विकू नये आणि वरचा रंग खरवडू नये, कारण वाळूचा थर आणि चिन्ह यांचा क्रम हाच इथला पुरावा आहे. तुमच्या यादीत अजून काही हेल्मेटवर त्याच धाटणीचे चिन्ह दिसते, त्यांची पुन्हा तपासणी करून आधीच्या ग्राहकांना कळवावे.

१५ दिवसांत लेखी उत्तर आले नाही, तर मी कार्ड कंपनीकडे व्यवहार वादग्रस्त म्हणून नोंदवीन आणि न्यू जर्सीच्या ग्राहक व्यवहार विभागाकडे तक्रार दाखल करीन. तोवर हेल्मेट जसे आले तसेच, पट्ट्यासकट, खोक्यात ठेवलेले आहे.

आपली,
एक ग्राहक
(नाव आणि पत्ता ऑर्डरच्या नोंदीत आहेत)

सोबत : कडेचा जोड, गंज, चिमटे, हीट स्टॅम्प आणि चिन्हाखालचा वाळूचा थर यांची छायाचित्रे, प्रमाणपत्राची प्रत, बिलाची प्रत