खालच्या मजल्यावरच्या काकांना, एका वॉशरबद्दल थँक यू

काका, तोंडावर थँक यू म्हटलं की तुम्ही "चल रे" म्हणून विषय उडवता, म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहितोय, आता वाचावंच लागेल.

त्या दिवशी गाडीखालून फक्त माझे पाय बाहेर दिसत होते आणि मी ड्रेन बोल्टला (इंजिनचं तेल काढायचा खालचा बोल्ट) पाना लावून, पान्याला वर पाइप अडकवून, पूर्ण जोर लावत होतो. तेल आदल्या दिवशीच बदललं होतं आणि सकाळी पुठ्ठ्यावर नाण्याएवढा डाग, मग आवळलं, परत डाग, मग अजून आवळलं. तुम्ही वाकून बघितलंत आणि म्हणालात, "अरे थांब, आटे घालवशील." चेंबर, म्हणजे इंजिनखालचं तेलाचं भांडं, अ‍ॅल्युमिनियमचं, बोल्ट लोखंडी, आटे गेले तर चेंबरचेच जाणार, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

मग तुमचा एकच प्रश्न: वॉशर नवीन टाकलंस का?

आता खरं सांगतो, तेव्हा सांगायला लाज वाटली होती. बोल्ट उघडला तेव्हा त्याच्यावर वॉशर, म्हणजे बोल्टखालची धातूची गोल चकती, नव्हतंच, मला वाटलं ट्रेमध्ये पडलं असेल, काळ्या तेलात बोटं घालून शोधलं, नाही मिळालं, मग डब्यात पडलेलं एक जुनं लावून टाकलं. तुम्ही स्वच्छ धुतलेल्या ट्रेमध्ये नवं तेल परत काढायला लावलंत, भोकाभोवती बोट फिरवलंत आणि म्हणालात, इथं नख लाव. नख अडकलं! पहिलं वॉशर चेंबरलाच चिकटून बसलं होतं, तेलाने इतकं काळं झालेलं की चेंबरचाच भाग वाटावं. म्हणजे मी एकावर एक दोन वॉशर घालून वर पाइपने आवळत होतो, धन्य आहे माझी.

ते तुम्ही लाकडी काडीने हळूच काढलंत, स्क्रू ड्रायव्हर घेऊ दिला नाहीत कारण बसायच्या जागेवर ओरखडा आला की तिथूनच झिरपणार. मग जुनं आणि नवं शेजारी ठेवून दाखवलंत. नवं सपाट, जुन्यावर बोल्टच्या कडेची गोल खाच पडलेली. हे दाबलं जाण्यासाठीच मऊ असतं, एकदा दाबलं की दोन्हीकडच्या बारीक खाचाखोचा भरून बसतं, दुसऱ्यांदा तेवढं दबत नाही, तांब्याचं तर दाबून कडकच होतं. तांब्याचं लाल तापवून परत मऊ करता येतं हे पण तुम्हीच सांगितलंत, आणि लगेच, "पण एवढ्याशा वॉशरसाठी गॅस कशाला पेटवतोस, नवीन टाक." (अ‍ॅल्युमिनियमवर हा प्रयोग करू नका मंडळी, ते 660 अंशाला वितळतं, लाल व्हायची वाट बघत बसाल.)

बोल्ट आधी हातानेच फिरवून घ्यायचा, पाना शेवटी, हे आता माझ्या बोटांना पाठ झालंय. माझ्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये हा बोल्ट आवळायचा जोर 39 न्यूटन मीटर लिहिलाय, दुसऱ्या गाडीचा आकडा वेगळा असतो म्हणून आपापलं मॅन्युअल बघा. तुमच्या टॉर्क रेंचने (ठरवलेला जोर झाला की आवाज करणारा पाना) "टक" झालं तेव्हा मला वाटलं एवढंच? पाइप लावून मी याच्या किती पुढे गेलो होतो देव जाणे, आटे वाचले हे नशीब.

आणि हो, तेलाचा फिल्टर बदलताना त्याचं जुनं रबर इंजिनलाच चिकटून राहतं का ते बघ, असं जाता जाता बोललात ना, ते पण यावेळी बघितलं. नव्हतं राहिलं, पण बघितलं.

टॉर्क रेंच अजून माझ्याकडेच आहे, रविवारी आणून देतो. पुठ्ठा पण आणतो दाखवायला, आठ दिवस गाडीखाली आहे आणि कोरडा ठणठणीत आहे.