बाबा, रंगाचं काम थोडं थांबवा

सँ-साव्हँजवळ, फ्रान्स
१२ एप्रिल

ती. बाबा आणि आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारी फोन मध्येच तुटला, पण बाबा, तुमचं एक वाक्य मला स्पष्ट ऐकू आलं. ‘अक्षय्य तृतीयेला देवळाच्या कामाचा नारळ फोडतोय.’ लाकडी सभामंडप उतरवायचा, त्या जागी स्लॅब टाकायचा, खाली फरशी आणि गाभाऱ्याच्या दगडाला ऑइलपेंट. तेव्हा मला काही बोलता आलं नाही. दोन रात्री त्याच विचारात गेल्या. फोनवर अशा गोष्टी वादासारख्या वाटतात, म्हणून पत्र लिहायला बसले आहे. सवडीनं वाचा आणि आजीलाही वाचून दाखवा.

मंडप गळतो, खांबांना वाळवी लागली आहे, यात्रेच्या दिवशी बायका-पोरं उन्हात उभी राहतात, हे सगळं मला माहीत आहे. वर्गणीसाठी तुम्ही दारोदार फिरलात, तेही आईनं सांगितलं. मला एवढंच सांगायचं आहे की गेल्या सहा महिन्यांत मी इथं जे पाहिलं ते समोर ठेवून मग काय ते ठरवा.

मी राहते ते खेडं दोन-अडीचशे वस्तीचं. गार्तांप नावाची नदी गावाला वळसा घालून जाते. वाई-मेणवलीकडं कृष्णा वाहते ना, तशीच संथ, मोठ्या झाडांच्या सावलीतली. घरं पांढऱ्या चुनखडीची, छपरं तपकिरी कौलांची. सध्या शिवारात मोहरीच्या जातीचं एक पीक फुललंय, त्याचं तेल काढतात. सगळा माळ पिवळाजर्द आणि मध्ये हिरवा गहू. चर्चच्या घंटेचे तासाचे टोले दोनदा पडतात. आठ वाजले की आठ टोले आणि दोनेक मिनिटांनी पुन्हा आठ. शेतात काम करणाऱ्याचे पहिले मोजायचे राहिले तर दुसरे मोजता यावेत म्हणून, असं शेजारच्या मादामनी सांगितलं. आजीला हे फार आवडेल.

आमच्या चर्चची किल्ली याच मादामकडं असते. वय ऐंशीच्या पुढं. पहिल्यांदा गेले तेव्हा चर्चला कुलूप होतं आणि पाऊस लागलेला. त्यांनी खिडकीतून पाहिलं, हाक मारून आत घेतलं, आणि दारामागच्या खिळ्यावरची किल्ली काढून दिली. माझ्या वितीएवढी लांब, लोखंडी, मधल्या भागात हात लागून लागून गुळगुळीत झालेली. नाव विचारलं नाही, ओळखपत्र मागितलं नाही. म्हणाल्या, ‘ओढून घ्या आणि मग फिरवा, नाहीतर अडकते.’ त्यांच्या आधी ही किल्ली त्यांच्या सासूबाईंकडं असायची.

इथं प्रार्थना दर रविवारी होत नाही. एका पाद्र्याकडं पुष्कळ गावं असतात, त्यामुळं आमच्या गावाची पाळी क्वचित येते. मग देखभाल कोण करतं? १९०५ साली फ्रान्सनं सरकार आणि चर्च यांची फारकत करणारा कायदा केला, तेव्हापासून गावोगावची जुनी चर्च गावाच्या मालकीची झाली. छप्पर गळलं की जबाबदारी ग्रामपंचायतीची, मग सरपंच देवाला मानणारा असो वा नसो. पैसा इथंही पुरत नाही. २०१८ पासून जुन्या वास्तूंसाठी देशभर लॉटरी निघते, शिवाय गावात वर्गण्या, जेवणावळी, जुन्या वस्तूंचे बाजार चालूच असतात. म्हणजे बाबा, तुमची वही-पावती घेऊन फिरणारी माणसं इथंही आहेत.

आता सँ-साव्हँबद्दल. सायकलवरून नदीकाठानं गेलं की दुरूनच चर्चचा उंच टोकदार मनोरा दिसतो. हे अकराव्या शतकातलं मठाचं चर्च. युनेस्कोनं १९८३ मध्येच त्याला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. आत शिरल्यावर आधी नुसता गारवा आणि अंधूक उजेड. मग डोळे सरावतात आणि मान आपोआप वर जाते. चाळीसेक मीटर लांबीचं कमानदार छत, जमिनीपासून सुमारे सतरा मीटर उंचीवर, आणि त्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चित्रंच चित्रं. बायबलमधल्या, जगाच्या उत्पत्तीपासून मोशेपर्यंतच्या कथा. नऊशे वर्षांपूर्वीच्या. रंग फक्त मातीचे : गेरू, पिवळी माती, हिरवी माती, चुन्याचा पांढरा, काळा. आपल्या तुळशीवृंदावनाचा गेरू आठवा, तोच तो तांबडा.

नोआची नाव मी पाऊण तास पाहत उभी होते. पुराच्या पाण्यावर तीन मजली घर तरंगावं तशी ती नाव, आणि तिच्या टोकाला एका हिंस्र प्राण्याचं मुंडकं. खिडक्यांतून जनावरं, पक्षी आणि माणसं बाहेर बघताहेत. शेजारी बाबेलचा मनोरा. त्यात गवंडी खांद्यावरून चौकोनी दगड वाहताहेत. त्यांच्या वाकलेल्या पाठीकडं पाहिलं आणि मला आपल्या देवळाच्या पायऱ्या ज्यांनी बसवल्या ती माणसं आठवली. त्यांचं नाव कुठंच नाही.

हे छतही जाणारच होतं. १८३४ मध्ये प्रॉस्पेर मेरिमे हे लेखक सरकारचे ऐतिहासिक वास्तूंचे निरीक्षक झाले. चर्चची तेव्हाची अवस्था पाहून त्यांनी दुरुस्तीसाठी पॅरिसमध्ये पाठपुरावा केला, आणि १८४५ मध्ये या चित्रांवर सविस्तर ग्रंथ प्रसिद्ध केला. फ्रान्सनं १८४० साली संरक्षणासाठी वास्तूंची पहिली यादी केली, तिच्यात सँ-साव्हँ आहे. कुणीतरी वेळेत थांबून मान वर करून पाहिलं, म्हणून मला आज ती नाव दिसली. या भागातल्या कितीतरी चर्चमधली चित्रं मात्र ‘स्वच्छ दिसावं’ म्हणून चुना फासून झाकली गेली. पुढं कुठं कुठं चुन्याचे पापुद्रे उचलून ती परत मिळाली. चुना निदान निघतो तरी.

इथल्या लोकांनी चुका केल्याच नाहीत असं समजू नका. शोव्हिन्यी नावाचं गाव आहे, तिथल्या एका टेकडीवर पाच किल्ल्यांचे अवशेष आहेत. पाचही एकमेकांना खेटून! बिशपचा एक, बाकीचे सरदारांचे. आपल्याकडच्या गडांसारखी अवघड चढण नाही, पण भग्न भिंतींवर उगवलेली झुडपं आणि खाली दिसणारी व्हिएन नदी बघताना मला वैराटगडाची आठवण झाली. तिथंच सँ-पिएरचं चर्च आहे. त्याच्या खांबांच्या माथ्यावर बाराव्या शतकातलं कोरीव काम आहे. पंखांचे राक्षस, माणूस गिळणारे विचित्र प्राणी, मेंढपाळ, बाळ येशू. एका दगडावर लॅटिनमध्ये अक्षरं खोदली आहेत, अर्थ एवढाच : ‘मला गोफ्रिदुसनं घडवलं.’ बोलतोय तो दगड. त्या काळी कारागिरानं असं नाव कोरणं दुर्मीळच. पण एकोणिसाव्या शतकात ‘उठून दिसावं’ म्हणून हे सगळं तांबड्या-पांढऱ्या रंगात रंगवून काढलं. लांबून भपकेदार वाटतं. जवळ गेलं की छिन्नीची धार रंगाखाली मऊ झालेली दिसते, आणि त्या राक्षसांचे डोळे गोफ्रिदुसनं नेमके कसे कोरले होते ते कळेनासं होतं. मी तिथं उभी राहून आपल्या गाभाऱ्याच्या दारावरच्या कीर्तिमुखाचाच विचार करत होते.

आई, हे तुझ्यासाठी. आंग्ल-स्युर-लांग्लँ नावाचं गाव आहे. कड्यावर मोडका किल्ला, खाली नदी आणि पाणचक्की. तो किल्ला पोआत्येच्या बिशपांचा होता. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर लोकांनी त्याचे दगड घरं बांधायला नेले. मी मात्र जास्त वेळ रमले ते तिथल्या बायकांच्या सुईकामात. विणलेल्या कापडातले धागे मोजून ओढून काढायचे आणि उरलेल्या धाग्यांना टाक्यांनी बांधत जाळी तयार करायची. एकोणिसाव्या शतकात तिथल्या बायका पॅरिसच्या मोठ्या दुकानांसाठी हे काम करायच्या. एक आजी मला करून दाखवत होत्या. त्यांनी सुईच्या टोकानं चार धागे मोजले, एक उचलला, कापला आणि कापड न चुणता सरकन ओढून घेतला. तू रुमालाच्या कडा करतेस तेव्हा ओठ मिटून घेतेस, अगदी तशाच त्या बसल्या होत्या. तुझ्यासाठी एक छोटा तुकडा आणते आहे. उलटून मागची बाजू बघ, एक गाठ दिसणार नाही.

आणि आजी, इथं दीपमाळ आहे! आंतिन्यी गावात चर्चसमोर दगडाचा एक उंच खांब उभा आहे, आतून पोकळ, वरच्या टोकाला झरोके. त्याला ‘मृतांचा कंदील’ म्हणतात. पूर्वी तिथं दफनभूमी होती. आतून दिवा वर चढवायचा, की झरोक्यांतून रात्री उजेड दिसायचा. असे बाराव्या शतकातले खांब या मुलखात अजून बरेच आहेत. त्रिपुरी पौर्णिमेला आपण दीपमाळेवर पणत्या लावतो ते देवासाठी, हे आपल्या गेलेल्या माणसांसाठी. मी त्या खांबाला हात लावला आणि आजोबांची आठवण झाली.

प्रत्येक गावात पहिल्या महायुद्धातल्या मृतांचा स्तंभही असतो. आमच्या एवढ्याशा गावाच्या स्तंभावर एकच आडनाव तीनदा आहे. आपल्या सातारा भागात गावोगावी ‘या गावातून इतके गेले, इतके परतले नाहीत’ अशा संगमरवरी पाट्या इंग्रजांनी लावल्या, त्यातली आपली चावडीच्या भिंतीत आहे. आजी, तुझे आजोबा मेसोपोटेमियाला गेले होते ना, त्यांची गोष्ट आल्यावर पुन्हा सांग, या वेळी मी लिहून घेणार आहे.

बाबा, आता मुद्द्याचं. मार्चमध्ये आमच्याच चर्चच्या मागच्या भिंतीचं काम निघालं होतं. काही दशकांपूर्वी कुणीतरी तिच्या दरजा सिमेंटनं भरल्या होत्या. गवंडी छिन्नीनं ते सगळं सिमेंट काढून पुन्हा चुना भरत होता. मी विचारलं, मजबूत सिमेंट का काढताय? तो म्हणाला, मजबूत आहे हेच तर दुखणं. भिंतीत पाणी मुरतं, ते दरजांतून बाहेर पडायला हवं. सिमेंट त्याला वाट देत नाही, मग ते दगडातून बाहेर येतं, हिवाळ्यात गोठतं, दगडाचे पापुद्रे सुटतात. त्यानं माझं बोट दगडावर फिरवलं. बोटाला तांदळाच्या पिठीसारखा भुगा लागला. आपला काळा दगड कठीण आहे, आपल्याकडं बर्फ पडत नाही, हे मला कळतं. पण पाऊस आपल्याकडं चार महिने आहे, आणि तेलाचा रंग म्हणजे भिंतीला रेनकोट घालून आतला घाम कोंडण्यासारखं आहे. पाच-सहा वर्षांत त्याचे पोपडे निघतात, मग आणखी एक थर. कीर्तिमुखावर असे किती थर आधीच आहेत, एकदा नखानं पाहा.

लाकडाचंही तसंच. छपरातली एक तुळई टोकाशी कुजली होती. त्यांनी पूर्ण तुळई बदलली नाही. कुजका भाग कापला, तेवढ्याच मापाचं ओकचं नवं लाकूड घेऊन कुसू घालून जोडलं. नवं लाकूड फिकट दिसतं, ते मुद्दाम रंगवून लपवलं नाही. आपल्या मंडपाचे खांबही पायाशीच खाल्ले गेलेत ना? वर नक्षी आहे तिथं ते ठणठणीत आहेत, मी इकडं निघण्याआधी वाजवून पाहिलं होतं. आपल्या पंचक्रोशीत वाड्यांची कामं करणारे सुतार अजून आहेत.

संरक्षित वास्तूपासून पाचशे मीटरच्या आत घराची खिडकी बदलायची तरी इथं सरकारी वास्तुतज्ज्ञाची परवानगी लागते. लोक वैतागतात. मादामही वैतागल्या होत्या, त्यांना हवा तो निळा रंग खिडकीला मिळाला नाही. तरी त्यांनी अर्ज केला आणि सांगितलेला रंग लावला.

माझी मागणी एवढीच आहे. नारळ फोडा, पण पहिलं काम छपराचं घ्या, गळती थांबवा. स्लॅब आणि रंग पावसाळा संपेपर्यंत बाजूला ठेवा. यात्रेच्या सावलीसाठी मंडपाबाहेर पत्र्याची शेड उभी करता येईल, तिला देवळाच्या दगडाचा आधार नको. पुण्याहून पुरातत्त्वाच्या जाणकाराला बोलावून एकदा दाखवा. जाण्यायेण्याचा खर्च माझ्या पगारातून मी देते. आणि कुणी काही हलवण्याआधी दत्तूकडून प्रत्येक खांबाचे, कीर्तिमुखाचे आणि पायरीजवळच्या त्या झिजलेल्या अक्षरांचे फोटो काढून घ्या. सकाळी ऊन तिरकं असताना काढायला सांगा, तेव्हा अक्षरं उठून दिसतात.

इथल्या शाळेतलं माझं काम महिनाअखेर संपतंय. मेच्या पहिल्या आठवड्यात येईन. सगळ्यांसाठी इथलं ताटाएवढं बिस्किट आणते आहे, ते सुरीनं कापत नाहीत, मध्यभागी मूठ मारून फोडतात. तो मान आजीचा.

रंगाचे डबे आधीच आणले असतील तर ते वाया जायचे नाहीत. आपल्या गावच्या शाळेच्या दारं-खिडक्यांना किती वर्षांत कुणाचा हात लागलेला नाही.

तुमची,
मनू