जुन्या मोटारींच्या टायरचे वय कोण पाहणार?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या मोटारींचे मेळावे भरले की वर्तमानपत्रांत फोटो येतात ते चकाकणाऱ्या क्रोमचे, नव्या रंगाचे, उघड्या बॉनेटखालच्या इंजिनाचे. टायरबद्दल ओळभरही छापून येत नाही. मालकही रंगकामात वर्षभर जीव ओततात आणि टायर मात्र शेवटच्या आठवड्यात, दुकानात जो मिळेल तो, बसवून घेतात. ब्रेक कितीही चांगले असले तरी गाडी थांबते ती टायरच्या जोरावर. म्हणून या निवडीत काय पाहावे आणि नेमके काय चुकते, हे आपल्या वाचकांपर्यंत पोहोचावे अशी इच्छा आहे.

सगळ्यात आधी टायरचे वय. जुनी गाडी वर्षाला जेमतेम हजार-दोन हजार किलोमीटर चालते, त्यामुळे टायरची नक्षी झिजायची वेळच येत नाही. मालक नक्षीत नाणे घालून खोली बघतो आणि निश्चिंत होतो. पण रबर उभ्या गाडीतही म्हातारे होत असते. ऊन, उष्णता, हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन यांनी ते कडक होते, पावसात पकड सोडते. त्याहून वाईट म्हणजे आतल्या थरांची एकमेकांवरची पकड सुटत जाते, आणि हे बाहेरून दिसत नाही. एखाद्या दिवशी वेगात असताना वरचा नक्षीचा पट्टा सोलून निघतो आणि मडगार्ड फाडून टाकतो.

वय शोधायला टायरच्या बाजूवर ‘डीओटी’ अक्षरांनी सुरू होणारी ओळ पाहा. तिच्या शेवटचे चार आकडे म्हणजे बनवल्याचा आठवडा आणि वर्ष: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. शेवटी तीनच आकडे असतील तर तो टायर २००० सालाच्या आधीचा आहे. त्याची नक्षी कोरी करकरीत असली तरी तो रस्त्यावर आणू नये. पुष्कळदा ही तारीख टायरच्या एकाच बाजूला असते आणि ती बाजू आत जाते. तेव्हा टॉर्च घेऊन गाडीखाली शिरावे, पण ‘दिसत नाही’ म्हणून सोडून देऊ नये. सहा वर्षे झाली की दरवर्षी टायर आतून-बाहेरून तपासावा. दहा वर्षे झाली की काढून टाकावा, मग भेगा असोत वा नसोत. जुन्या मापांचे टायर सावकाश खपतात आणि गोदामात वर्षानुवर्षे पडून असतात, म्हणून विकत घेतानाही तारीख पैसे देण्याआधी वाचावी.

आता माप. जुन्या टायरवर ५.६०-१५ असे लिहिलेले असते. पहिला आकडा रुंदीचा, दुसरा रिमच्या व्यासाचा, दोन्ही इंचांत. उंचीचा उल्लेखच नाही, कारण त्या काळी टायर जवळपास जितका रुंद तितकाच उंच असे. पुढे आलेल्या सुरुवातीच्या रेडियलवर (आतले धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे असलेल्या टायरवर) नुसते १६५ आर १५ येई. तिथे १६५ ही मिलिमीटरमधली रुंदी, आणि उंची तिच्या साधारण ८० ते ८२ टक्के धरायची. आजचा १६५/८० आर १५ हा त्याचाच वारस. फसगत होते ती इथे. ‘पंधराचाच आहे, बसतो’ असे म्हणून १९५/६० आर १५ पुढे केला जातो, आणि तो बसतोही. पण हिशेब करून पाहा. १६५ चे ८० टक्के १३२. वरचे आणि खालचे मिळून २६४. त्यात रिमचे १५ इंच म्हणजे ३८१ मिळवले की व्यास ६४५ मिलिमीटर. १९५ चे ६० टक्के ११७, दुप्पट २३४, अधिक ३८१, म्हणजे ६१५. तीस मिलिमीटरचा फरक, साडेचार टक्क्यांहून जास्त. गाडी १५ मिलिमीटर खाली बसते. स्पीडोमीटर ६० दाखवतो तेव्हा खरा वेग ५७ च्या आसपास असतो, आणि त्याच खऱ्या वेगाला इंजिन जवळजवळ पाच टक्के जास्त फिरते. ज्या गाडीला मुळातच चार गिअर आहेत तिच्या इंजिनाला लांब पल्ल्यात हे सोसत नाही. मूळ व्यासापासून दोन-अडीच टक्क्यांच्या पलीकडे जाऊच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

शिवाय १९५/६० ला किमान ५.५ इंच रुंदीची रिम लागते, आणि त्या काळच्या अनेक छोट्या गाड्यांच्या रिमा ४ किंवा ४.५ इंची आहेत. अरुंद रिमवर रुंद टायर ओढून बसवला की त्याच्या दोन्ही कडा आत खेचल्या जातात, मधला भाग फुगतो, टायर मधोमध झिजतो आणि वळणावर गाडी लोळल्यासारखी वाटते. पॉवर स्टिअरिंग नसलेल्या गाडीत हात भरून येतात ते वेगळेच. मापाशेजारचे ८२ टी सारखे अक्षर-आकडेही वाचावेत: ८२ म्हणजे एका टायरवर ४७५ किलो, टी म्हणजे ताशी १९० किलोमीटर. जुन्या गाड्यांचा वेग बेताचा असतो, पण माणसे आणि सामान भरल्यावर मागच्या आसावर किती वजन येते ते बघून त्याच्या निम्म्याहून जास्त क्षमतेचा टायर घ्यावा.

क्रॉस-प्लाय (आतले धागे तिरपे, एकमेकांना छेदणारे) की रेडियल, हा वाद कायमचा. मिशेलिनने रेडियलचे पेटंट १९४६ मध्ये घेतले, तरी त्यानंतर कितीतरी वर्षे गाड्यांचे सस्पेन्शन क्रॉस-प्लाय गृहीत धरूनच आखले जात होते. अशा गाडीला क्रॉस-प्लायच घालणे चूक नाही. हळू चालवताना स्टिअरिंग हलके राहते, मात्र रस्त्यातल्या खाचा धरून ती थोडी भरकटते. रेडियल सरळ धावतो आणि ओल्या रस्त्यावर चांगली पकड देतो, पण वळणावर तो रिमवर जास्त ताण टाकतो, आणि पन्नास-साठ वर्षांची पत्र्याची रिम मधल्या जोडापाशी तडकू शकते. रेडियल घालायचे तर रिमा आधी तपासून घ्याव्यात. एकाच आसावर दोन प्रकार कधीही घालू नयेत. दोन आसांवर वेगवेगळे घालण्याची वेळ आलीच तर रेडियल मागे, क्रॉस-प्लाय पुढे. उलटे केले तर पुढची पकड मागच्याहून जास्त होते आणि वळणावर गाडीचे ढुंगण बाहेर पडते. हवेचा दाबही प्रकाराप्रमाणे बदलतो. गाडीच्या पुस्तकातला आकडा क्रॉस-प्लायसाठी दिलेला असेल तर तो रेडियलला सहसा कमी पडतो. टायर बनवणाऱ्याच्या तक्त्यातून नवा आकडा घ्यावा.

ट्यूबबाबत फार हयगय होते. आजच्या ट्यूबलेस रिमला कडेजवळ एक उंचवटा असतो. हवा कमी झाली तरी टायरची बीड, म्हणजे रिमला घट्ट बसणारी कड, त्याच्या पलीकडे घसरत नाही. जुन्या रिमला तो नसतो, म्हणून तिथे ट्यूब घालणेच बरे. तारांच्या चाकात तर प्रत्येक आऱ्याच्या भोकातून हवा जाते. ट्यूब रेडियलसाठी बनवलेली आणि अचूक मापाची हवी. जुनी, ताणून मोठी झालेली ट्यूब पुन्हा घातली की तिला आत घडी पडते आणि ती त्याच घडीवर चिरते. ट्यूबलेस टायरमध्ये ट्यूब घालायची झाल्यास हात आत फिरवून कारखान्याचे चिकटवलेले कागद आणि रबराचे उभे काटे शोधावेत आणि काढून घासून साफ करावेत. बोटाला जेमतेम जाणवणारी कागदाची कड काही महिन्यांत ट्यूब खाते. मग शंखजिऱ्याची पूड लावूनच ट्यूब सरकवावी. व्हॉल्व्हचे भोकही मोजावे: काही रिमांना ११.५ मिलिमीटरचे असते, काहींना सुमारे १६ चे. मोठ्या भोकात बारीक व्हॉल्व्ह हलत राहतो आणि बुडाशी तुटतो.

चाकेच बदलायची असतील तर बोल्टच्या वर्तुळाचा व्यास, ज्याला पीसीडी म्हणतात, आधी मोजा. चार बोल्ट असतील तर समोरासमोरच्या दोन बोल्टच्या मध्यांतले अंतर म्हणजेच पीसीडी. पाच असतील तर शेजारच्या दोन मध्यांतले अंतर १.७०१ ने गुणा: ६७.२ मिलिमीटर आले तर ११४.३. गाडीच्या नावावर विसंबून राहू नये. फोक्सवॅगन बीटलला आधी पाच बोल्टचे २०५ होते आणि पुढे चार बोल्टचे १३० आले. सगळ्यात घातक चूक ९८ आणि १०० यांच्यातली. ९८ च्या हबवर (चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागावर) १०० चे चाक चढते. पहिला नट सहज बसतो, दुसरा-तिसराही. शेवटचा जरा तिरका जातो आणि पान्याच्या जोराने बसवला जातो. त्या क्षणापासून प्रत्येक फेऱ्याला स्टड, म्हणजे हबमधून बाहेर आलेले बोल्ट, वाकत असतात. नट सैल होतात किंवा स्टड तुटतात.

रिमचा ऑफसेट म्हणजे तिच्या रुंदीच्या मध्यरेषेपासून हबला टेकणाऱ्या पृष्ठभागापर्यंतचे अंतर. ४.५ इंची, ३५ ऑफसेटच्या जागी ६ इंची, २० ऑफसेटची रिम घातली तर रुंदीतली निम्मी वाढ १९ आणि ऑफसेटमधले १५ मिळून बाहेरची कड ३४ मिलिमीटर बाहेर येते, आतली कड मात्र ४ मिलिमीटरच आत जाते. म्हणून गाडी दिसायला रुबाबदार दिसते. पण बेअरिंगवर भार वाढतो, खड्ड्यात स्टिअरिंग हाताला झटका देते आणि मडगार्डची कड टायर कापते.

नटाकडे सगळ्यांचे दुर्लक्ष होते. कुणाची बैठक ६० अंशांची शंकूसारखी, कुणाची गोळ्यासारखी, कुणाची सपाट वायसरची. शंकूच्या खळग्यात गोळ्याचा नट लावला तर तो एका बारीक रेघेवर टेकतो. तो कितीही आवळा, काही किलोमीटरांत सैल होणार. आटेही जुळले पाहिजेत: अर्धा इंची यूएनएफचा (इंची मापाच्या बारीक आट्यांचा) नट एम १२ च्या (१२ मिलिमीटर जाडीच्या) स्टडवर ढिला ढिला चढतो आणि आवळताना आटे सोलतो. स्टडच्या जाडीइतके आटे तरी नटात शिरले पाहिजेत. एम १२ × १.५ ला (दोन आट्यांत दीड मिलिमीटर अंतर) ते हाताने मोजलेले आठ पूर्ण फेरे. रिम जाड पावडर कोटिंग करून आणली असेल तर नटाची बैठक आणि हबला टेकणारी जागा पूर्णपणे खरवडून उघडी करावी. रंगाचा थर दाबाखाली बसतो आणि टॉर्क रेंचने (ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) नेमके आवळलेले नट शंभर किलोमीटरांत हाताने फिरू लागतात. चाक बसवल्यानंतर ५० ते १०० किलोमीटरांवर नट पुन्हा एकदा तपासणे हा कामाचाच भाग समजावा.

जुन्या रिमा घेताना त्या आधी रंगवून देऊ नका म्हणावे. रंगाखाली बोल्टच्या भोकांभोवतीचे तडे लपतात. मॅग्नेशियमच्या चाकांची तपासणी तडे दाखवणारा रंग लावूनच करून घ्यावी. तारांच्या चाकांचे आरे एकेक करून पान्याने वाजवावेत, सैल आरा बद्द वाजतो. त्यांच्या हबचे दाते झिजून टोकदार झाले असतील तर नवे चाकही महिन्याभरात डगडगेल. हब आणि चाक जोडीनेच बदलावे. मधला मोठा नट असलेल्या अशा चाकांना डाव्या आणि उजव्या बाजूचे आटे उलट असतात. दुरुस्तीत हब अदलाबदल झाले तर नट चालता चालता सुटतो.

टायर चढवण्याआधी नुसती रिम बसवून हाताने फिरवावी. ब्रेकच्या कॅलिपरला (डिस्कला दाबून धरणाऱ्या भागाला) चिकणमातीची गोळी लावली की किती जागा उरते ते तिच्यावरच उमटते. तीन मिलिमीटरपेक्षा कमी उरली तर ती रिम नको. टायर चढवल्यावर स्टिअरिंग दोन्ही टोकांना नेऊन, सस्पेन्शन दाबून पुन्हा पाहावे.

एवढे सगळे झाल्यावर डिकी उघडून स्टेपनी पाहावी. बहुतेक वेळा गाडीतला सगळ्यात जुना टायर तोच असतो, मूळ मापाचा आणि मूळ रिमवर. नव्या चाकांचे नट त्या रिमला चालतात का, हे घरीच एकदा लावून बघावे. चालत नसतील तर जुन्या नटांचा संच पिशवीत बांधून स्टेपनीच्या शेजारीच ठेवावा.

आपले,
जुन्या मोटारींची कामे करणारे काही वाचक