लेक्सिंग्टनला गेलात तर बकमन टॅव्हर्नच्या आतही जा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेच्या स्वातंत्र्याला यंदा २५० वर्षे होत आहेत. त्यानिमित्त मराठी वृत्तपत्रांत वॉशिंग्टन, जेफरसन, स्वातंत्र्याचा जाहीरनामा, बोस्टनच्या बंदरात फेकलेला चहा यांविषयी पुष्कळ वाचायला मिळते. पण साधे शेतकरी, सुतार, लोहार जिथे बसून या सगळ्यावर तावातावाने बोलत, त्या रस्त्याकडेच्या टॅव्हर्नचा, म्हणजे दारू, जेवण आणि मुक्कामाची सोय असलेल्या घरांचा, उल्लेख कुठे सापडत नाही. मी बोस्टनजवळ राहते. उन्हाळ्यात पुण्या-मुंबईहून आलेल्या पाहुण्यांना अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धाची पहिली चकमक जिथे झाली ते लेक्सिंग्टन गाव दाखवायला नेले की एक गोष्ट ठरलेली असते. मैदानावरच्या पुतळ्यापाशी फोटो निघतात. रस्त्यापलीकडचे जुने घर दाखवले की ‘दारूच्या दुकानात काय बघायचे?’ म्हणत मंडळी गाडीकडे वळतात. याचे मला मनापासून वाईट वाटते, म्हणून हे पत्र.

ते घर म्हणजे बकमन टॅव्हर्न. साधारण १७१० च्या सुमारास बेंजामिन मझी यांनी ते बांधले. दारू तिथे मिळायची, हे खरेच. बिअरमध्ये रम आणि साखर घालायची, चुलीत लालबुंद केलेली लोखंडी सळई त्यात बुडवायची, की पेय चरचरून फेसाळून वर यायचे. त्याला ‘फ्लिप’ म्हणत. पण तेवढ्यावर त्या घराची ओळख संपत नाही. वाटसरूला जेवण आणि अंथरूण, घोड्याला वैरण, बोस्टनच्या बाजाराकडे गुरे हाकत निघालेल्यांना मुक्काम, हे सगळे तिथेच मिळे. समोरच्या प्रार्थनाघरात शेकोटीची सोय नव्हती. मॅसॅच्युसेट्सच्या हिवाळ्यात रविवारी सकाळची प्रार्थना आटोपून दुपारच्या प्रार्थनेपर्यंत थांबायचे, तर गारठलेले लोक या घरातल्या मोठ्या चुलीपाशी येऊन बसत. वसाहतीच्या काळात टॅव्हर्नमध्ये वर्तमानपत्र मोठ्याने वाचले जाई, त्यामुळे अक्षरओळख नसलेल्यालाही बातमी कळे. लिलाव, सभा, कधी कधी कोर्टाची सुनावणीसुद्धा तिथे व्हायची. सरकारलाही या घरांची गरज पटलेली होती. उतारूंची अशी सोय न ठेवणाऱ्या गावाला दंड करण्याचा कायदा मॅसॅच्युसेट्समध्ये १६५६ मध्येच झाला होता.

आता १८ एप्रिल १७७५ ची रात्र. ब्रिटिश फौज बोस्टनहून निघाल्याची खबर बोस्टनचा चांदीकाम करणारा कारागीर आणि चळवळीचा निरोप्या पॉल रिव्हिअर याने मध्यरात्रीच्या सुमारास लेक्सिंग्टनला आणली. कॅप्टन जॉन पार्करची गावकरी पलटण मैदानात जमली. थंडी कडक होती आणि शत्रूचा पत्ता नव्हता. नगारा वाजला की या, असे सांगून पार्करने माणसांना मोकळे केले. ज्यांची घरे जवळ होती ते घरी गेले, बाकीचे बकमनच्या टॅव्हर्नमध्ये जाऊन बसले. मालक जॉन बकमन स्वतः त्याच पलटणीतला. पहाटे साडेचारच्या सुमारास, फौज अगदी जवळ आल्याचे हेराने सांगितले, नगारा वाजला आणि ही माणसे तिथून उठून मैदानात उभी राहिली. सत्त्याहत्तर जण असतील. आठ मारले गेले, दहा जखमी झाले.

त्याच वेळी रिव्हिअर आणखी एका साथीदाराबरोबर या टॅव्हर्नमधून वसाहतवाल्यांचे पुढारी जॉन हॅनकॉक यांची कागदपत्रांची पेटी बाहेर काढत होता. ती ब्रिटिशांच्या हाती लागली असती तर किती जणांची नावे उघडी पडली असती! पेटी उचलून दोघे पार्करच्या माणसांमधून वाट काढत गेले, आणि थोड्याच वेळात गोळीबार सुरू झाला. टॅव्हर्नचे जुने दार आत जपून ठेवले आहे. त्यातले भोक त्या सकाळच्या ब्रिटिश गोळीचे आहे, असे सांगतात. मी दर वेळी त्या दारापाशी जरा जास्तच रेंगाळते.

ही जागा सगळ्या गावाची होती असे मात्र मी म्हणणार नाही. पिण्याच्या खोलीत बसून राजकारण बोलणे हा पुरुषांचा प्रांत होता. नवऱ्यामागे परवाना सांभाळून टॅव्हर्न चालवणाऱ्या विधवा त्या काळी ठिकठिकाणी होत्या, पण गिऱ्हाईक म्हणून बाईला तिथे फारशी जागा नव्हती. गुलामांच्या विक्रीचे व्यवहारही अशा घरांतून झाले आहेत. त्या सकाळच्या जखमींमध्ये प्रिन्स एस्टाब्रुक हा कृष्णवर्णीय होता, आणि तो स्वतः गुलाम होता. ज्या स्वातंत्र्यासाठी त्याने गोळी झेलली, ते त्याच्या वाट्याला तेव्हा आलेले नव्हते. टॅव्हर्नच्या बाहेर त्याच्या नावाचा दगड आहे, तो २००८ मध्ये बसवला. पाहुण्यांना मी तो आवर्जून वाचायला लावते, कारण पुतळ्यापाशी त्याचे नाव कोणाच्याच तोंडी नसते.

१९१३ मध्ये गावाने ही इमारत विकत घेतली आणि तेव्हापासून स्थानिक इतिहास मंडळ ती सांभाळते. मला याचे फार अप्रूप वाटते. राजवाडा नाही, किल्ला नाही, कोणा थोर पुरुषाचे जन्मस्थान नाही. लोक जमायचे, एवढ्यासाठी गावाने पदरचे पैसे घालून घर राखले. फिलाडेल्फियातल्या ज्या सिटी टॅव्हर्नमध्ये १७७४ साली अमेरिकी वसाहतींच्या काँग्रेसचे प्रतिनिधी एकत्र जमले, ती मूळ इमारत १८५४ मध्ये पाडली गेली. आज तिथे दिसते ती १९७० च्या दशकात पुन्हा उभारलेली वास्तू आहे. ती उत्तम बांधली असेल, पण दारातले भोक पुन्हा बांधता येत नाही.

संपादक महोदय, माझ्या दोन विनंत्या आहेत. अमेरिकेच्या सहलींबद्दल आपल्या पुरवणीत लिहून येते, त्यात या टॅव्हर्नला दोन ओळी द्याव्यात. जवळच, मैलभरावर मन्रो टॅव्हर्न आहे. चकमकीच्याच दिवशी दुपारी ब्रिटिशांनी तिथे आपल्या जखमींवर उपचार केले आणि १७८९ मध्ये राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन तिथे जेवले. दोन्ही घरे एकाच फेरीत पाहून होतात.

दुसरी विनंती आपल्या मुलखासाठी. चावडी, धर्मशाळा, तालीम, एसटी स्टँडसमोरचे जुने हॉटेल, गावातले वाचनालय, जिथे बेचाळीसच्या किंवा संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या बातम्या वाचल्या गेल्या, अशा जागांच्या आठवणी वाचकांकडून मागवाव्यात. इमारत उभी असेल तर तिचा आजचा फोटोही मागवावा. त्या काळच्या बैठका पाहिलेली माणसे आता नव्वदीच्या घरात आहेत, तेव्हा हे याच वर्षी सुरू झाले तर बरे.

आपली,
बोस्टन परिसरातील एक वाचक