कार्मेलच्या टेकडीवर भेटलेल्या अनोळखी लोकांचे आभार

परवा आम्ही इकडे कॅनडात सास्काटूनहून हायवे ५ ने हम्बोल्टकडे निघालो होतो, मध्येच कार्मेल गाव लागतं, तिथल्या टेकडीवर कार्मेल मातेचं, म्हणजे मेरीमातेचं देऊळ, श्राइन आहे. १९०३ ला जर्मन कॅथलिक शेतकरी आणि बेनेडिक्टाइन साधू या भागात आले, त्यांनी हम्बोल्टजवळच्या म्युन्स्टर गावात मठ उभारला. १६ जुलै हा मातेचा सण, आणि जुलैत इथे यात्रा भरते. आईला वांद्र्याच्या मोतमावलीची फार ओढ, त्यामुळे तिला दाखवायचंच होतं.

पण आदल्या रात्री पाऊस झाला होता आणि मी शहाणपणा करून शॉर्टकट म्हणून मातीचा रस्ता घेतला, इकडची काळी माती ओली झाली की टायरला नुसती कणकेसारखी चिकटते, गाडी सरळ चरात. दोन्हीकडे पिवळाधमक कॅनोला (मोहरीसारखं पीक), माणूस नाही, फोनला रेंज नाही.

अर्ध्या तासाने एक पिकअप आला. टोपीवाल्या काकांनी एक शब्द न बोलता साखळी काढली, चिखलात गुडघे टेकून हूक अडकवला, पाच मिनिटांत आम्ही बाहेर. पैसे देऊ केले तर हसले फक्त. वर टेकडीवर एका आजींनी आईचे चिखलाने भरलेले पाय बघून स्वतःची खुर्ची दिली, थर्मासमधला चहा पाजला. भाषा एकीची दुसरीला कळत नव्हती, तरी दोघींच्या गप्पा पाऊण तास चालल्या!

काका, आजी, तुमची नावं विचारायची राहिली. मनापासून थँक्यू. आणि आजी, तुमचं थर्मासचं झाकण चुकून आमच्या पिशवीत आलंय, पुढच्या जुलैत घेऊन येतो.