बाबा, तिकिटं काढलीत

प्रिय आई, बाबा,

आधी सांगून टाकते म्हणजे फोनवर वाद नको. तिकिटं काढलीत. चिपळूणहून मांडवी, एसीची, दोन्ही लोअर बर्थ, एसटीचं नावसुद्धा काढलेलं नाहीये त्यामुळे बाबा "मध्येच उतरायची वेळ आली तर" हे मनातून काढून टाका, गाडीत संडास आहे आणि तुमची सीट दरवाजापासून लांब नाही. ठाण्याला मी प्लॅटफॉर्मवर उभी असेन. बाबांसाठी पोटाच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतलीये आणि त्यांनी सांगितलेली कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने मोठं आतडं आतून बघायची तपासणी, करायची हे पण ठरलंय. न विचारता ठरवलं म्हणून रागवा, पण या. विचारलं असतं तर आता मोहोर येतोय, मग आंबा, मग पाऊस, मग गणपती, हे मला पाठ आहे.

दिवाळीत आले होते तेव्हा बाबांच्या पट्ट्याला खिळ्याने पाडलेलं नवीन भोक बघितलं. तिथे काही बोलले नाही कारण आत्या होती. पण इथे येऊन डॉक्टरांशी बोलले आणि पहिलं तेच सांगितलं.

घाबरू नका. डॉक्टरांच्या मते हे बहुतेक आयबीएसच (इरिटेबल बाउल सिंड्रोम) निघेल, म्हणजे आतड्यात जखम नाही, गाठ नाही, पण आतड्याचं चालणं आणि त्याच्या नसा बिघडल्यात. तपासणी एवढ्यासाठीच की पन्नाशीनंतर पोटाची सवय बदलली आणि वजन उतरलं तर नुसत्या अंदाजावर कोणी औषध देत बसत नाही. रक्त पडणं, रात्री झोपेतून पोटाने उठवणं, हिमोग्लोबिन कमी होणं, हे पण विचारतील. बाबा, खरं सांगायचं, आईसमोर लाज वाटत असेल तर तिला मी बाहेर बसवते.

आणि आई, तू सारखी म्हणतेस ना की माझ्याच हातचं काहीतरी बाधलं. नाही गं. मला वाटतं ह्याची सुरुवात पुरात आहे. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठी बाजारात शिरली तोपर्यंत बाबांनी दगड खाल्ला तरी पचत होता, लग्नात पंगतीला शेवटपर्यंत बसणारा माणूस. नंतर ते दुकानातला चिखल उपसत राहिले, मिळेल ते पाणी प्यायले, आणि मग तो ताप आणि जुलाब. जुलाब थांबले, पण सकाळी तीन-तीनदा जाणं, जाऊन आलं की कळ कमी होणं, बाहेर निघायचं म्हटलं की पोटात गडबड, हे सगळं त्यानंतरचं आहे, आठवून बघा.

असं होतं. जोराचा पोटाचा संसर्ग झालेल्या साधारण दहातल्या एकाला पुढे आयबीएस होतो. जंतू निघून जातात पण आतड्याच्या अस्तरात बारीकशी सूज रेंगाळते, आतले चांगले जिवाणू बदलतात, नसा हळव्या होतात, मग जो गॅस तुला-मला कळतही नाही तो बाबांना कळ म्हणून जाणवतो. कॅनडात वॉकर्टन म्हणून गाव आहे, मे २०००मध्ये जोराच्या पावसाने तिथे शेतातलं शेण वाहून गावच्या विहिरीत गेलं, पाचेक हजार वस्तीतले दोन हजारांवर लोक आजारी पडले, सात माणसं गेली. तिथल्या लोकांकडे डॉक्टरांनी पुढे आठ वर्षं लक्ष ठेवलं. ज्यांना तेव्हा जुलाब झाले होते त्यांच्यात आयबीएस बराच जास्त निघाला आणि काहींचा त्रास आठ वर्षांनीही होता. हे वाचलं आणि मला आपला बाजारच दिसायला लागला. पाऊस, पाणी आणि मग पोट.

त्यात दुकान गेल्याचा घोर. "टेन्शन घेऊ नका" म्हणून ज्या डॉक्टरांनी फाईल परत दिली त्यांचा मला अजून राग येतो, कारण टेन्शन हे कारणांपैकी एक आहे, म्हणजे त्रास खोटा आहे असं नव्हे! मेंदूपासून आतड्यापर्यंत नसांचा थेट रस्ता आहे आणि निरोप दोन्हीकडून जातात. बाबा, दहावीच्या पेपरच्या सकाळी माझं पोट दुखायचं तेव्हा तुम्ही हिंग कोमट पाण्यात कालवून माझ्या बेंबीभोवती लावायचात, आधी स्वतःच्या मनगटावर लावून बघायचात गरम नाही ना. एकदाही म्हणाला नाहीत की नाटक करतेस. तुमच्या पोटालाही कोणी तसं म्हणू नये एवढंच मला वाटतं. नानांचंही पोट असंच होतं म्हणतात, घराण्यातही असतं हे थोडं.

आता जरा ऐका. मेडिकलमधून आणलेली पोट बांधायची गोळी बाहेर जाताना खाता ती बंद, निदान डॉक्टरांना दाखवेपर्यंत. दर वेळी आव झाली समजून जो अँटिबायोटिकचा कोर्स घेता तो तर अजिबात नको, त्या औषधांनी आतले चांगले जिवाणूही मरतात. आणि आई, बाबांना नुसत्या मऊ भात-ताकावर ठेवू नकोस, वजन त्यानेही उतरत असेल, आणि ताकातलं लॅक्टोज काहींना सोसत नाही. मासे बंद करायचं काही कारण नाही, भात चालतो. त्रास देऊ शकतात ते कांदा, लसूण, गहू, कडधान्यं, आपले काजूसुद्धा. मेलबर्नच्या मोनाश युनिव्हर्सिटीत ह्यावरच लो फॉडमॅप आहार, म्हणजे आतड्यात आंबून गॅस करणाऱ्या साखरा कमी असलेला, बसवलाय, पण तो थोडे दिवस करून मग एकेक पदार्थ परत आणायचा असतो, जन्मभर नाही. आत्ता स्वतःहून काही तोडू नकोस, इथे आहारतज्ज्ञांना विचारू.

राहायची काळजी नको. आतली खोली रिकामी केलीये, संडास लागूनच आहे, कमोड आहे, बाबांसाठी पाटाएवढं स्टूल पण आणलंय पाय ठेवायला. तपासणीच्या आदल्या दिवशी पेज मिळणार नाही, फक्त पाण्यासारखं पातळ, शहाळी आणून ठेवते. रात्री पोट साफ व्हायचं औषध प्यावं लागेल, मी जागी राहीन. तपासणीच्या वेळी गुंगी देतात, कळत नाही.

जुने रिपोर्ट, बीपीच्या गोळ्यांचं पाकीट आणि आधार कार्ड हँडबॅगेत, मोठ्या बॅगेत नको. घरचं पाणी बाटलीत घ्या, मांडवीतले कटलेट कितीही वास आला तरी नाही. गाईचं आणि पाणी शिंपायचं शेजारच्या वहिनींशी बोलून झालंय, त्या हो म्हणाल्यात, त्यामुळे आई ते कारण सांगू नकोस.

पत्र मिळालं की बाबांनी स्वतः फोन करायचा.

तुमची,
चिमी